वजनावर विकली जाणारी चिंच

बेंगळूरुजवळच्या देवनहळ्ळीच्या परिसरात लाकूड दोन मापांनी विकलं जातं. साग, शिसव, फणस, होन्ने (आपला बिबळा) आणि मत्ती (आपला ऐन) घनफुटावर जातात. नीलगिरी, सुरू, बाभळीच्या फांद्या आणि भट्टीत जाणारं बाकी सगळं टनावर. चिंच या दुसऱ्या रांगेत आहे. रस्त्याकडेची जुनी चिंच पाडली की तिचे चार-पाच फुटांचे तुकडे ट्रकमध्ये पडतात, ट्रक वजनकाट्यावर जातो आणि बहुतेक वेळा तिथूनच वीटभट्टीकडे वळतो. चिंच जड, त्यामुळे टनाच्या हिशोबात विकणाऱ्याला परवडते, आणि तिची आच तीव्र, त्यामुळे भट्टीवाल्यालाही हवीच असते. ज्या जडपणामुळे ती हत्यारात, घाण्यात, खाटकाच्या ओंडक्यात पिढ्यान्‌पिढ्या कामाला आली, त्याच जडपणापायी ती आज जळते. गेली कित्येक वर्षं मी काटा आणि भट्टी यांच्या मधे उभा राहून जमेल तेवढी चिंच बाजूला काढतो आहे.

माझी शेड देवनहळ्ळीहून विजयपुराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. (हे विजयपुरा म्हणजे विजापूर नव्हे, देवनहळ्ळी तालुक्यातलंच गाव.) मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला. आमच्याकडे बाजारात अर्धं मराठी, अर्धं कन्नड चालतं, म्हणून इथे भाषेची अडचण कधी आली नाही. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला, मग आजूबाजूला बंगल्यांच्या वसाहती उठू लागल्या, आणि दारं-खिडक्यांच्या ठेक्यावर आलेल्या सुतारांत मीही होतो. ठेकेदाराचं काम सुटलं, मी इथेच राहिलो.

आमचे आप्पा गावचे सुतार. मी शाळेत होतो तेव्हा बलुतं जवळजवळ मोडीत निघालं होतं. लाकडी चाकांच्या गाड्या जाऊन टायरच्या गाड्या आल्या, लोखंडी पाभरी आल्या आणि आप्पांकडे दुरुस्तीचंच काम उरलं. पण कुठल्या कामाला कुठलं झाड, हे त्यांचं पक्कं होतं. गाडीच्या आखाला अंजन मिळालं तर उत्तम. चाकाच्या तुंब्याला बाभूळ. मुसळाला खैर. आणि ज्याच्यावर सतत घाव बसणार, त्याला चिंच. त्यांची पटाशीवर मारायची मोगरी चिंचेची होती आणि ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून आली होती. घराच्या दाराला मात्र ते चिंच लावू देत नसत. त्यामागे झाडाबद्दलची भीती होती तशी व्यवहाराचीही बाजू होती: चिंचेची फळी वाकते, पिळते, पावसाळ्यात चौकटीत अडकते. सरळ, शांत राहणं हे चिंचेचं काम नाही, असं आप्पा म्हणायचे, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर मला त्यात एक शब्दही बदलावासा वाटत नाही.

चिंच सॉ मिलवर उभी चिरली की नवखा माणूस निराश होतो. तीन-चार फूट घेराच्या खोडात जवळजवळ सगळं पिवळट पांढरं लाकूड दिसतं. गाभा म्हणून मधे काळसर जांभळ्या रंगाचा, वेड्यावाकड्या कडांचा एक लहानसा डाग. झाडाचं वरचं लाकूड पाणी वाहून नेतं. वर्षं सरतात तशी आतली वलयं ते काम सोडतात, त्यांच्या नळ्या बुजतात, त्यांत रंगद्रव्यं आणि कडवट पदार्थ साठतात, आणि मग तो भाग गाभा होतो. सागात हे लवकर घडतं, म्हणून तरुण सागातही बऱ्यापैकी गाभा मिळतो. चिंच याबाबतीत फार सावकाश चालते. हाताच्या पंजापेक्षा रुंद गाभा हवा असेल तर झाड म्हातारंच लागतं, आणि म्हातारी चिंच बहुधा आतून पोकळ असते. म्हणजे आतली ढोली आणि बाहेरचं पांढरं लाकूड यांच्यामधे जो पट्टा उरेल तेवढीच आपली कमाई. तो पट्टा ताजा चिरलेला असताना वांग्याच्या सालीच्या रंगाचा असतो, महिन्याभरात तपकिरीकडे झुकतो, आणि तेल दिलं की काळाभोर होतो. हा गाभा कुणी मागणी नोंदवली म्हणून पंचवीस वर्षांत पिकवून देता येत नाही. आज जो हातात येतो तो आपल्या पणजोबांच्या वेळच्या झाडाचा असतो.

वाळलेली चिंच घनमीटरला साधारण ८५० ते ९५० किलो भरते. साग ६५०च्या आसपास असतो, आणि आप्पांचं आवडतं अंजन हजाराच्या वर जातं, ते पाण्यात टाकलं तर तळाला बसतं. पण नुसत्या वजनाने चिंचेची ओळख पटत नाही. तिचं खरं वैशिष्ट्य तिच्या तंतूंत आहे. सरळ लाकडात तंतू खोडाच्या लांबीने वर जातात. चिंचेत ते काही वर्षं उजवीकडे पिळत वाढतात, मग काही वर्षं डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. एकावर एक असे उलटसुलट थर वेणीसारखे गुंफले जातात. कुऱ्हाड घातली की बाभूळ उभी फुटते, नीलगिरी तर आपणहून फुटते, चिंचेत कुऱ्हाड रुतून बसते. फोडायला दुसरी पाचर लागते, आणि फुटली तरी सरळ फुटत नाही.

हाच गुण रंध्याखाली अडचणीचा होतो. एका पट्टीत रंधा अलगद सरकतो, काच फिरवल्यासारखी तकाकी येते, आणि बोटभर पुढे तोच रंधा लाकूड ओरबाडून काढतो, कारण तिथले तंतू उलट दिशेने चाललेले असतात. फळी फिरवून घेतली तरी उपयोग नाही, मग ओरबाडण्याची जागा बदलते एवढंच. अशा लाकडाला रंध्याचं पातं बरंच उभं लावावं लागतं, जवळजवळ खरवडल्यासारखं. शेवटचा हात मी अजून फुटक्या काचेच्या तुकड्याने देतो. काच हातात दोन अंगठ्यांनी किंचित वाकडी धरायची, ओढायची, आणि कडेवरून पिठाहून बारीक, गुंडाळलेल्या साली निघतात. शेडमधली पोरं पॉलिश पेपर वापरतात. ते जलद होतं, पण चिंचेवर काचेची सफाई वेगळी, ती बोटाला कळते.

रस्त्याकडेच्या झाडाला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे लोखंड. पंक्चरच्या दुकानाची पाटी, निवडणुकीचे फलक, शिकवणीच्या जाहिराती, कपडे वाळत घालायची तार. शंभर वर्षांत माणसांनी ठोकलेलं सगळं झाडाने सालीखाली घेतलेलं असतं. सॉ मिलवाले याच कारणाने चिंच नाकारतात. एका खिळ्याने अख्खं पातं जातं, आणि पात्याचा खर्च चिराईच्या मजुरीपेक्षा जास्त होतो. मी प्रत्येक ओंडक्यावर धातू शोधणारं हातातलं यंत्र फिरवून घेतो, खुणा करतो आणि खिळे पटाशीने काढतो. लोखंडाभोवतीचं लाकूड निळंकाळं पडलेलं असतं. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा एकत्र आला की तो रंग येतो आणि तो सहजासहजी जात नाही. असा भाग मी टाकत नाही, त्याच्या हत्यारांच्या मुठी करतो.

आता वाळवणीबद्दल. या कामात सगळ्यात जास्त चिंच इथेच वाया जाते. ओल्या लाकडातलं मोकळं पाणी निघून जाईपर्यंत लाकडाला काही होत नाही. ओलावा तीस टक्क्यांच्या आसपास खाली आला की तंतूंच्या भिंतींतलं पाणी सुटायला लागतं आणि लाकूड आक्रसतं. ते सगळीकडून सारखं आक्रसत नाही. वलयांच्या अंगाने जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते केंद्रापासून सालीकडे आक्रसतं. म्हणून गोल चकती वाळताना केंद्रातून सालीपर्यंत भेग पडतेच. त्यात कापलेल्या तोंडातून पाणी बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने पळतं. देवनहळ्ळी साधारण नऊशे मीटर उंचीवर. फेब्रुवारीपासून इथे कोरडा वारा सुटतो आणि उघडा ठेवलेला ओंडका आठवड्यात तोंडाला फाटतो. कोकणातला सुतार हे वाचून म्हणेल की आमच्याकडे लाकूड वाळतच नाही. दोन्ही त्रास खरे आहेत.

उपाय जुनाच: तोंडं बंद करायची. आप्पा शेण-मातीचा लेप द्यायचे, मी वितळवलेलं मेण लावतो. मग सावलीत, जमिनीपासून वर, लाकडी भुशात अर्धं पुरून ठेवायचं. इंचाला एक वर्ष हा जुना हिशोब चिंचेच्या बाबतीत मी कधीच कमी केलेला नाही. बेंगळूरुत मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसवर लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. १९३८ साली वनसंशोधन प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली आणि १९८८मध्ये तिला आजचं रूप मिळालं. लाकडाचा ओलावा मोजायचं यंत्र वापरायला लागलो ते तिथे जाणं-येणं झाल्यावर. देशभरातल्या लाकडांचे नमुने तिथे ओळीने ठेवले आहेत. आप्पांनी नखाने दाबून, वास घेऊन, टकटक करून जे ओळखलं, ते तिथे आकड्यांत लिहिलेलं आहे, आणि दोन्ही बहुतेक ठिकाणी जुळतात. सुताराच्या पोराला याचं किती समाधान वाटलं, ते सांगता येणार नाही.

चिंचेचा एक दोष मी गिऱ्हाइकापासून लपवत नाही. तिच्या पांढऱ्या लाकडात पिठूळ अंश भरपूर असतो आणि त्यावर भुंगेरे तुटून पडतात. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, खाली पिठासारखा भुसा. जुने लोक ओंडके तळ्यात कित्येक महिने बुडवून ठेवायचे, ते याचसाठी. फर्निचरचं लाकूड असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवता येतं. पण ज्याच्यावर अन्न ठेवायचं त्याला मी औषध लावत नाही. तिथे गाभ्याचाच भाग वापरायचा, किंवा रोज वापरात, रोज धुण्या-घासण्यात राहणारी वस्तू करायची. रोज घासल्या जाणाऱ्या ओंडक्याला भुंगा लागलेला मी तरी पाहिलेला नाही.

देवनहळ्ळी तालुक्यात नल्लूर नावाचं गाव आहे. तिथलं चिंचेचं बन पाहिल्याशिवाय या लाकडाबद्दल बोलू नये असं मला वाटतं. सुमारे ५४ एकरांचं हे बन २००७ साली देशातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. जैवविविधता कायदा २००२चा, आणि त्याखाली पहिला मान घनदाट अरण्याला मिळाला नाही, कोरड्या मुलखातल्या चिंचांना मिळाला. आत पडक्या देवळांचे अवशेष आहेत आणि झाडं शेकडो वर्षांची मानली जातात. गावकरी त्यांना चोळांच्या काळाशी जोडतात. मी तिथे लाकूडवाल्याच्या नजरेने गेलो होतो. काही खोडं पिळलेल्या दोरखंडासारखी पीळ दाखवत उभी होती. जे तंतू मी फळीत उलटसुलट पाहतो, तेच सालीवर माणसाच्या मांडीएवढ्या जाडीच्या वळ्यांत वाहत होते. कितीतरी झाडं आतून पूर्ण पोकळ. ढोलीत माणूस उभा राहील एवढी जागा, आणि वर हिरवीगार पालवी. झाड जिवंत राहायला बाहेरची काही इंचांची साल आणि पांढरं लाकूड पुरतं. गाभा फक्त आधार देतो, आणि तो कुजून गेल्यावरही ती नळी वारा सोसते, कारण गुंफलेले तंतू तिला फाटू देत नाहीत.

काही झाडं आडवी पडली होती, आणि पडलेल्या खोडातूनच सरळ वर नव्या फांद्या आल्या होत्या. काहींवर बांडगुळं माजली होती. तिथलं काटकीएवढं लाकूडही कुणी उचलू नये, हे मी लाकडावर पोट असलेला माणूस ठामपणे म्हणतो. हे बन चिंचेच्या लाकडाचं कोठार म्हणून पाहायचं नाही. बन पाहून परत आल्यावर माझ्या शेडमधल्या ओंडक्यांच्या वयाचा मला अंदाज आला, आणि दोन इंच जाडीचा गाभा चुकीच्या जागी कापायला हात धजेनासा झाला.

माझं सगळ्यात जास्त काम मटणाच्या दुकानांचं आहे. महाराष्ट्रात काय, कर्नाटकात काय, खाटकाचा ओंडका चिंचेचाच. बांगलादेशात बकरी ईदच्या आधी चिंचेच्या गोल खोडांचा बाजार भरतो, थायलंडच्या घरोघरी चिंचेचे गोल पाट असतात. एकमेकांना न विचारता सगळे त्याच झाडापाशी आले. कारण पुन्हा तंतूंतच. ओंडका उभा ठेवला की सुरीचा घाव तंतूंच्या तोंडावर बसतो. धार तंतू कापत नाही, दोन तंतूंच्या मधे शिरते आणि बाहेर आली की जागा पुन्हा मिटते. दुसऱ्या सरळ लाकडाचं खोड अशा घावांनी उभं दुभंगेल. चिंचेत आत शिरलेला ताण पुढच्या उलट थरापाशी अडतो.

इथे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी होसतोडकू असतो. आपल्याकडे करीला मटण असतं तसं, पण इथे त्या दिवशी दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागतात. त्याच्या आधीच्या महिन्यात माझ्याकडे ओंडक्यांची मागणी येते. माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, आरे कटिका समाजातले. घरात कन्नड मिसळलेली जुन्या वळणाची मराठी बोलतात. मी त्यांना काका म्हणतो, ते मला सुतारमामा. ओंडका घ्यायला आले की आधी ते त्याला हात लावत नाहीत, भोवती फिरतात. मग बोटाच्या सांध्याने केंद्रावर वाजवतात, नंतर कडेला. दोन्ही आवाज सारखे आले पाहिजेत. मधे भद आवाज आला तर आत ढोली आहे. मग पाणी शिंपडतात आणि ते कुठल्या बाजूला आधी मुरतं ते बघतात. जिथे मुरतं तिथे बारीक भेग असणार. शेवटी स्वतःची सत्तूर पिशवीतून काढून कडेपासून चार बोटं आत एक घाव घालतात आणि वाकून त्या रेघेकडे पाहतात. मिनिटाभरात रेघ पुसट झाली तर सौदा झाला.

एकदा मी त्यांना विचारलं, की आंब्याचं खोड निम्म्या पैशात मिळतं, ते का नको? ते म्हणाले, "मामा, आंबा दोन महिन्यांत भुसभुशीत होतो. त्याचं कुसळ गिऱ्हाइकाच्या दातात गेलं, तर ते पुन्हा माझ्या दुकानात येईल का?" सागाचा वास मटणाला लागतो आणि बाभूळ तडकते, हेही त्यांनीच सांगितलं. रोज रात्री ते ओंडका पात्याने खरवडून, जाडं मीठ चोळून ठेवतात. वर्षाभरात मधे खळगा पडला की माझ्याकडे आणतात. मी वरची दोन-तीन बोटं कापून पुन्हा सपाट करून देतो. असा एक ओंडका पाच-सहा वेळा सपाट होतो. नव्या दुकानांत पांढरे प्लास्टिकचे ठोकळे आले आहेत, ते स्वच्छ दिसतात. अमेरिकेत डीन क्लिव्हर या संशोधकाने नव्वदच्या दशकात लाकडी आणि प्लास्टिकच्या पाटांवर जंतू सोडून पाहिले होते. लाकडावरचे जंतू आत खेचले जाऊन बरेचसे पुन्हा वर येत नव्हते, तर सुरीचे चरे पडलेलं जुनं प्लास्टिक नीट साफ करणं अवघड जात होतं. अर्थात लाकूड रोज खरवडून कोरडं ठेवलं पाहिजे, आणि काका ते ठेवतात.

मोठ्या ओंडक्याला मी लोखंडी पट्टी चढवतो. हे काम मी ओंडक्यासाठी शिकलो नाही. आप्पांसोबत गाडीच्या चाकाला धाव बसवताना शिकलो. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात सगळीकडून सारखी लाल करायची, चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि आरे, पाटे, तुंबा सगळं एकमेकांत करकचून बसतं. ओंडक्यालाही तसंच. फक्त इथे लाकूड आधी पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर पट्टीच्या आत तेच आक्रसतं आणि पट्टी गळून पडते. पट्टी थंड होताना ओंडक्यातून बारीक करकर ऐकू येते, तेव्हा शेडमधलं बाकीचं काम मी थांबवतो. ती करकर एकसारखी आली पाहिजे.

लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा गिऱ्हाईक आल्यापासून दुसरं काम वाढलं. बेंगळूरुच्या उपनगरांत आता जागोजागी घाणे आहेत, बैलांऐवजी मोटरवर चालणारे. तमिळनाडूकडून येणाऱ्या घाण्यांत उखळाला बहुधा शिरीष वापरतात. लाटेला, म्हणजे उखळात फिरणाऱ्या दांड्याला, मात्र चिंच चांगली, कारण लाट सतत घासते, दाबते आणि तिच्यावर आडवा ताण येतो. घाणा फिरतो सावकाश, त्यामुळे शेंगदाणा किंवा तीळ फार तापत नाहीत. नवी लाट पहिले काही घाणे तेल पिते. तेवढं तेल गेलं म्हणून एका दुकानदाराने माझ्याशी वाद घातला होता. मी त्याला म्हटलं, ते तेल लाटेत राहणार आहे, आणि त्याच्याच बळावर ती टिकणार आहे. आता नवी लाट देताना मी ती आधीच करडईच्या तेलात मुरवून देतो.

विमानतळाभोवतीच्या बंगल्यांत पोहण्याच्या तलावाकाठी जे लाकूड घालतात, त्याला इपे म्हणतात. ते अॅमेझॉनच्या खोऱ्यातून येतं. घनमीटरला हजार किलोच्या वर, उन्हापावसात दशकानुदशकं टिकणारं. त्याची तोड इतकी झाली की २०२२च्या पनामा परिषदेत ते साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत गेलं आणि नोव्हेंबर २०२४पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागू लागले. काही वास्तुरचनाकार आता माझ्याकडे येऊन विचारतात की इपेच्या जागी चिंच चालेल का. मी नाही म्हणतो. चिंचेचं पांढरं लाकूड उघड्यावर दोन पावसाळे काढणार नाही, आणि गाभ्याच्या एवढ्या लांब, सरळ फळ्या कुठल्याच चिंचेत नसतात. तलावाकाठी दगड घाला, इथला दगड उत्तम आहे. पण स्वयंपाकघरात, बैठ्या टेबलावर, जिन्याच्या कठड्याच्या मुठीत, जिथे हाताखाली घट्ट, गार, जड लाकूड हवं तिथे चिंच द्या. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून झाड तोडून आणायचं आणि दारातलं भट्टीत घालायचं, हा व्यवहार मला सहन होत नाही. मी गिऱ्हाइकालाही तसं तोंडावर सांगतो.

वखारवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. घनफुटाचं माप कसं काढतात? ओंडक्याच्या मधला घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करायचा, आणि लांबीने गुणायचं. सहा फूट घेराचा, सहा फूट लांबीचा ओंडका या हिशोबाने साडेतेरा घनफूट होतो. ओला असेल तर त्याचं वजन साधारण अर्धा टन. पण हे माप सरळ, भरीव लाकडाचं आहे. चिंच वाकडी, पिळलेली, मधे ढोली असलेली. तिचं माप लावायचं तर ढोली किती वजा करायची यावर भांडण होतं, आणि काट्यावर भांडण होत नाही. भट्टीवाला संध्याकाळी रोख देतो. मी दोन वर्षं वाळवीन, मग चिरीन, मग विकीन. त्यांनी काटा निवडला यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण महाराष्ट्रात १९६४च्या कायद्याने परवानगीशिवाय तोडायला बंदी असलेल्या झाडांत साग, खैर, अंजन यांच्याबरोबर चिंचही आहे. उभी असताना जिला सागाच्या ओळीत बसवलं, ती आडवी झाल्यावर जळणाच्या ओळीत का जावी, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

शेवटी एका वखारीशी माझं जमलं आहे. पाच फुटांवर घेर असलेला ओंडका काट्यावर चढण्याआधी मला फोन येतो. ढोली असेल तर तिचा घेर वेगळा मोजून, तेच सूत्र लावून तेवढं माप वजा करायचं, हे दोघांनी कागदावर लिहून घेतलं आहे. उरलेल्या मापाला मी ऐनाच्या निम्म्याने भाव देतो, आणि तो जळणाच्या भावापेक्षा बराच वर पडतो. पाच फुटांखालचं आणि फांद्या अजून टनावरच जातात. तोडणाऱ्या टोळीलाही वेगळे पैसे देतो, कारण त्यांना दोन गोष्टी जास्तीच्या कराव्या लागतात. बुंध्याचे चार फुटांचे तुकडे न करता लाटेला पुरेल एवढा, सात-आठ फुटांचा सलग ओंडका ठेवायचा. आणि कापल्याच्या दिवशीच, ऊन लागण्याआधी, दोन्ही तोंडांना मेण द्यायचं. मेणाचा डबा, स्टोव्ह आणि जुना रंगाचा ब्रश मी त्यांच्या ट्रकमध्येच ठेवून दिला आहे.